गैरहजेरीचा माग: ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’मधल्या एका संध्याकाळचं प्रकरण

पंधरा वर्षांचा पीटर पार्कर दाराची बेल वाजवतो. अंगात सूट आहे, टाय नीट बसलाय, कारण त्यासाठी मे काकू पाठीशी उभी राहिली आहे. नाचताना पाय कसे टाकायचे, हेही तिनेच शिकवलंय. आज शाळेत होमकमिंगचा नाच आहे. ज्या मुलीसमोर त्याच्या तोंडून धड वाक्य फुटत नव्हतं, त्या लिझने त्याच्यासोबत यायला हो म्हटलंय. दार तिचे वडील उघडतात, हसून हात पुढे करतात. आणि पीटरच्या चेहऱ्यावरचा रंगच उडतो. कारण हा तोच माणूस आहे, ज्याने यांत्रिक पंखांनी त्याला उंच उचलून तळ्यात टाकलं होतं. शहरात चोरीची, परग्रहावरच्या तंत्रज्ञानाची शस्त्रं विकणारा. एड्रियन टूम्स. व्हल्चर.

टूम्सला अजून काहीच माहीत नाही. त्याच्या लेखी हा लेकीला न्यायला आलेला एक घाबरट मुलगा.

इथून शाळेच्या आवारात गाडी थांबेपर्यंतचा भाग आणि पुढचा नाचाच्या हॉलमधला क्षण, एवढाच मी प्रकरण म्हणून घेतलाय. पडद्यावर हे मोजक्या मिनिटांत होऊन जातं. चित्रपट दोन तास तेरा मिनिटांचा आहे, त्यात स्टेटन आयलंडची फेरीबोट उभी चिरली जाते, वॉशिंग्टनच्या स्मारकातली लिफ्ट कोसळते, विमानाचे तुकडे होऊन किनाऱ्यावर पडतात. पण किशोरवयीन सुपरहिरो आणि त्याची शाळा हा विषय खऱ्या अर्थाने पणाला लागतो तो या घराच्या दारात आणि मग एका साध्या गाडीत, जिथे कुणी कुणावर हात उचलत नाही.

प्रश्न नेमका काय आहे

अशा चित्रपटांबद्दल बोलताना आपण पटकन ‘तारेवरची कसरत’ म्हणतो. दिवसा शाळा, रात्री गुन्हेगार, मध्ये अभ्यास, मध्ये झोप. जणू हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे आणि मुलाने जरा शिस्तीने वागलं तर सुटेल. चित्रपटाचा पहिला अर्धा भाग तसंच दाखवतोही. स्पॅनिशच्या पेपरची आठवण मित्राने करून द्यायची, शेवटची घंटा वाजली की पाठीवर दप्तर टाकून पळायचं, गल्लीत कपडे बदलायचे, दप्तर जाळ्याने भिंतीला चिकटवून ठेवायचं. हे बघायला गंमत वाटते आणि टॉम हॉलंडचा चेहरा त्या धावपळीसाठीच बनलाय असंही वाटतं. (या भूमिकेच्या तयारीसाठी हॉलंडने न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये काही दिवस खोट्या नावाने विद्यार्थी म्हणून हजेरी लावली होती. वर्गात बसून आपली खरी ओळख लपवणं म्हणजे काय, हे त्याने काही दिवस तरी स्वतः अनुभवलं होतं.)

पण माझं म्हणणं वेगळं आहे. पीटरचं गुपित हिरो म्हणून केलेल्या एखाद्या चुकीने टूम्ससमोर फुटत नाही. मुखवटा निघत नाही, जखम दिसत नाही, कुणी पाठलाग करत नाही. ते फुटतं त्याच्या गैरहजेरीने. शाळेतल्या एका मुलीने मनात ठेवलेल्या, साध्या, दुखावलेल्या नोंदींनी. तो नायक म्हणून जिथे जिथे हजर होता, तिथे तिथे विद्यार्थी म्हणून नव्हता, आणि या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की नाव आपोआप उघडं पडतं. हे काम टूम्स गाडी चालवता चालवता करतो.

त्या दारापर्यंत

मागची गोष्ट थोडक्यात. स्पायडर-मॅन पहिल्यांदा छापला गेला ‘अमेझिंग फँटसी’ या कॉमिकच्या 15व्या, ऑगस्ट 1962 च्या अंकात. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. त्या काळी कॉमिक्समधली किशोरवयीन मुलं बहुतेक करून मोठ्या हिरोच्या हाताखाली असायची. इथे शाळेत जाणारा मुलगाच मुख्य नायक झाला आणि त्याच्या अडचणीही शाळकरी राहिल्या. पुढे चित्रपट आले. टोबी मॅग्वायरचे तीन, अँड्र्यू गारफिल्डचे दोन. दोघांचेही पीटर हायस्कूल लवकरच मागे टाकून पुढे सरकतात. फेब्रुवारी 2015 मध्ये सोनी आणि मार्व्हल स्टुडिओज यांच्यात स्पायडर-मॅनला मार्व्हलच्या चित्रपटांत आणण्याचा करार झाला, 2016 च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’मध्ये हॉलंडचा पीटर दिसला, आणि जुलै 2017 मध्ये दिग्दर्शक जॉन वॉट्सचा ‘होमकमिंग’ आला. पटकथेवर सहा जणांची नावं आहेत. इतक्या हातांतून गेलेल्या पटकथेत एखादा प्रसंग असा एकजिनसी उतरणं दुर्मीळ, म्हणूनही मला या संध्याकाळचं अप्रूप वाटतं.

‘होमकमिंग’ हा अमेरिकन हायस्कूलमधला शरद ऋतूतला सोहळा. अमेरिकन फुटबॉलचा सामना, माजी विद्यार्थ्यांचं परत येणं आणि रात्री नाच. नाचाला कुणाला विचारायचं, ती काय म्हणेल, तिच्या आईवडिलांसमोर कसं उभं राहायचं, हे तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी मोठं प्रकरण असतं. चित्रपटाने नावच या सोहळ्याचं घेतलंय. त्यामुळे पीटर त्या घराची बेल वाजवतो तेव्हा आपण चित्रपटाच्या ऐन गाभ्यात पाऊल टाकत असतो.

आता त्या गैरहजेरीच्या नोंदी. त्या जरा सविस्तर मांडायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

लिझच्या घरी पार्टी असते. पीटर आणि त्याचा जिवलग मित्र नेड तिथे जातात. बेत असा की स्पायडर-मॅनने येऊन पीटरशी दोस्ती असल्याचं दाखवायचं, म्हणजे शाळेत पीटरची पत वाढेल. पीटर स्पायडर-मॅनचा सूट चढवून बाहेर जातो, तेवढ्यात दूरवर स्फोट दिसतो आणि तो तिकडे धावतो. लिझच्या दृष्टीने काय घडलं? पीटर आला आणि गायब झाला.

मग ॲकॅडेमिक डेकॅथलॉन. ही शाळांमधली अभ्यासाची सांघिक स्पर्धा आहे आणि लिझ या संघाची प्रमुख. पीटरने आधी संघ सोडलेला असतो. शस्त्रांचा माग वॉशिंग्टनच्या दिशेने जातोय हे कळल्यावर तो अचानक परत येतो, संघाबरोबर वॉशिंग्टनला जातो आणि ऐन स्पर्धेला नसतो. त्या वेळी तो एका सरकारी गोदामात कोंडला गेलेला असतो. संघातली मिशेल शेवटचं उत्तर देते, संघ त्याच्याशिवाय जिंकतो. त्यानंतर मुलं वॉशिंग्टन स्मारक बघायला जातात, नेडच्या दप्तरातल्या परग्रही गोळ्याचा तपासणीच्या किरणांमुळे स्फोट होतो, लिफ्ट लटकते आणि स्पायडर-मॅन येऊन सगळ्यांना वाचवतो. लिझलाही. पीटर मात्र तिथेही कुणाला दिसत नाही.

या सगळ्यावर पांघरूण एकच: टोनी स्टार्ककडे, म्हणजे आयर्न मॅनकडे, इंटर्नशिप. शिक्षकांना हे कारण पुरतं, काकूला पुरतं, वर्गमित्रांना थोडा हेवा वाटतो. खोटं बोलणाऱ्या मुलासाठी याहून सोयीचं कारण नाही, कारण ते अर्धं खरं आहे. पण अर्ध्या खऱ्या कारणाला एक बाजू नेहमी उघडी राहते.

दाराच्या त्या बेलपर्यंत पीटर येतो तेव्हा त्याच्याकडे स्पायडर-मॅनचा तो झकपक सूटही नाही. फेरीबोटीवरच्या गोंधळानंतर स्टार्कने तो काढून घेतलाय. काकू त्याच्यावर रागावून, रडून झालीय. म्हणजे आज रात्री तो खरोखर फक्त विद्यार्थी आहे. त्याने हिरोगिरी सोडलीय, नाइलाजाने का होईना. तोल साधायचा प्रश्नच मिटलाय असं त्यालाही वाटत असणार. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी दुसरं आयुष्य समोरून दार उघडतं.

स्वयंपाकघर आणि गाडी

घरात शिरल्यावर टूम्स सुरी हातात घेऊन काहीतरी कापत असतो. पीटर त्याच्याकडे बघतो आणि आपणही त्या सुरीकडे बघतो. टूम्स विचारतो, काही प्यायला हवंय का, आणि दारूची नावं घेतो. मुलगा म्हणतो, माझं अजून वय नाही. बापाला हे उत्तर आवडतं. या दोन ओळींत प्रसंगाची सगळी चाल आहे. मुलीला बाहेर घेऊन जाणाऱ्या पोराची बाप जी परीक्षा घेतो, ती इथे अगदी नेहमीच्या पद्धतीने चाललीय. बाप थोडा दरारा दाखवतो, पोरगं घाम पुसतं, आई फोटो काढते. एकही गोष्ट रीत सोडून नाही. फरक इतकाच की पोराला घाम फुटायचं कारण बापाला माहीत नाही.

टूम्स म्हणतो, मी गावाबाहेर निघालोच आहे, तुम्हाला वाटेत सोडतो. लिझ पुढे, बापाशेजारी. पीटर मागे. आणि इथे मायकल कीटनच्या कामाबद्दल बोललंच पाहिजे. त्याचा चेहरा आरशात आहे, नजर रस्त्यावर आणि मुलावर आलटून पालटून. आवाज कुठेही चढत नाही. तो फक्त गप्पा मारतोय. पुढे काय करायचं ठरवलंयस? पीटर म्हणतो, मी तर अजून दुसऱ्या वर्षाला आहे. लिझ कौतुकाने सांगते, याची स्टार्ककडे इंटर्नशिप आहे, याला काय चिंता. पीटर सारवासारव करतो: ती सोडली, कंटाळा आला. लिझला आश्चर्य वाटतं. कंटाळा? तुला तर स्पायडर-मॅनबरोबर राहायला मिळत होतं!

टूम्सला पहिला खडा इथे टोचतो. मग त्याला या मुलाचा आवाज ओळखीचा वाटतो. आपण आधी कुठे भेटलोय का? पीटर पार्टीचं नाव काढतो, घराची तारीफ करतो. आणि लिझ, काहीही मनात न ठेवता, थोडी रुसून, थोडी चिडवत, म्हणते: तू होतास किती वेळ? आलास नि गेलास. नेहमीसारखा गायब झालास. वॉशिंग्टनलाही तसाच.

हे वाक्य मी कितीतरी वेळा थांबवून पाहिलंय. ते एका दुखावलेल्या मुलीचं वाक्य आहे. तिने हे सगळं लक्षात ठेवलंय कारण तिला तो आवडतो. आवडणाऱ्या माणसाचं नसणं माणूस मोजून ठेवतो. तिची ती यादी प्रेमातून झालीय, आणि तीच यादी तिच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात पुरावा म्हणून पडते.

टूम्स वॉशिंग्टनचा विषय पुढे नेतो. काय भयंकर झालं तिथे. घाबरला असशील ना? लिफ्टपाशी तुझा दोस्त स्पायडर-मॅन आला तेव्हा बरं वाटलं असेल. पीटर म्हणतो, मी वर गेलोच नव्हतो, खालून पाहिलं. बस. त्या उत्तराने शेवटचं घर भरतं. संघातला हा मुलगा वर नव्हता, आणि वर स्पायडर-मॅन होता. गाडी सिग्नलला उभी आहे. दिवा लाल असतो तोवर टूम्सच्या चेहऱ्यावर तो तांबूस उजेड, आणि मग दिवा हिरवा होतो. हिरवा रंग त्याच्या चेहऱ्यावर पसरतो आणि गाडी मात्र हलत नाही. लिझला आठवण करून द्यावी लागते की दिवा बदललाय.

व्हल्चरचा पोशाख हिरवा असतो हे कॉमिक्स वाचणाऱ्यांना माहीत आहे. पण ते माहीत नसलं तरी काही अडत नाही. लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे नीघ, हे सगळ्यांना कळतं. आणि इथे निघायची परवानगी मिळालेला माणूस विचारात बुडून थांबलाय. एवढ्याशा गोष्टीतून दिग्दर्शकाने सांगितलंय की आता उलगडा झालाय.

जखम नव्हे, रिकामी जागा

इथे एक तुलना केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मित्राचा किंवा आवडत्या व्यक्तीचा बापच खलनायक निघणं हे स्पायडर-मॅनच्या चित्रपटांत नवं नाही. 2002 च्या सॅम रेमीच्या चित्रपटात नॉर्मन ऑसबॉर्न हा पीटरच्या जिवलग मित्राचा बाप. तिथेही असंच घरगुती वातावरण आहे, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचं जेवण. तिथेही बाप पाहुणा म्हणून आलाय, काकू वाढतेय. आणि तिथे नॉर्मनला ओळख पटते ती पीटरच्या हातावरच्या ताज्या जखमेने. आदल्या झटापटीत त्यानेच केलेली जखम तो टेबलापाशी पाहतो.

तो प्रसंगही उत्तम आहे, मला तो फार आवडतो. पण दोन्हींमधला फरक लक्षात घ्या. 2002 मध्ये नायकाच्या अंगावर नायकपणाची खूण आहे आणि तीच त्याला पकडून देते. 2017 मध्ये अंगावर काही नाही. खूण आहे ती मित्रांच्या घोळक्यात त्याच्या नावाने रिकाम्या राहिलेल्या जागेची. किशोरवयाबद्दल हे मला जास्त खरं वाटतं. त्या वयात एखादं गुपित बाळगणाऱ्या मुलाची, मग ते घरचं आजारपण असो, पैशाची ओढाताण असो की मनातली कुठली घालमेल, जखम क्वचितच दिसते. दिसतं ते एवढंच की तो अलीकडे येत नाही. आला तर लवकर जातो. विचारलं तर एक ठरीव कारण सांगतो. आणि हे मोठ्यांच्या आधी बरोबरीच्या मुलांच्या लक्षात येतं.

आवारात गाडी थांबते

शाळेपाशी आल्यावर टूम्स लेकीला म्हणतो, तू पुढे हो, मला याच्याशी बापाच्या नात्याने दोन शब्द बोलायचेत. पुन्हा तीच रीत. ती हसून उतरते. तो कप्प्यातून पिस्तूल काढतो.

आणि मग जे बोलतो त्यात मला सगळ्यात जास्त गुंतवणारी गोष्ट आहे ती त्याचा प्रामाणिकपणा. तो आधी विचारतो, तिला माहीत आहे का? म्हणजे त्याची पहिली काळजी धंद्याची नाही, लेकीची आहे. मग तो पीटरचे आभार मानतो, माझ्या मुलीचा जीव वाचवलास म्हणून. त्या उपकाराची परतफेड म्हणून एक संधी देतो: आत जा, नाच, आजचं विसर, माझ्या वाटेला पुन्हा येऊ नकोस. आलास तर तुला आणि तुझ्या सगळ्या माणसांना मारीन. घरच्यांसाठी मी काहीही करीन, हे तो सांगतो आणि ते खोटं नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला तो पडझड साफ करणाऱ्या कामगारांचा मुकादम असतो, कंत्राट सरकारी खात्याकडे जातं, गुंतवलेला पैसा बुडायची वेळ येते आणि तिथून त्याची ही वाट सुरू होते. त्याचीही दोन आयुष्यं आहेत. घरी त्याने ती इतकी वेगळी ठेवलीत की बायकोला फोटो काढताना काही कळत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला जे जमत नाहीये, ते या माणसाने वर्षानुवर्षं जमवलंय.

म्हणजे गाडीत दोन दुहेरी आयुष्यं समोरासमोर आहेत. त्यातल्या मोठ्या माणसाचा सल्ला असा: तुझं साधं आयुष्य मी तुला देतो, तू फक्त दुसऱ्याकडे बघू नकोस. ज्याला आपण तोल म्हणतो तो पीटरला इथे आयता मिळतोय.

त्याच्यापुढे कोणत्या वाटा होत्या

प्रकरण म्हणून बघायचं तर इथे थांबून विचार करायला हवा. पीटर गाडीतून उतरतो तेव्हा त्याच्या हातात काय आहे? मोठ्या माणसांपैकी एकच दुवा आहे, स्टार्कचा मदतनीस हॅपी होगन. पण हॅपी महिनोन्महिने त्याचे निरोप नीट घेत नाहीये. पुढे त्याच रात्री नेड हॅपीला फोन करतो, तेव्हाही तो ऐकून घेत नाही. स्टार्कने तर सूट काढून घेऊन विषयच संपवलाय. काकूला सांगणं म्हणजे तिला टूम्सच्या धमकीच्या यादीत स्वतःहून ढकलणं. पोलिसांना सांगायचं तर कुठल्या पुराव्यावर?

लिझला सांगायचं? हा पर्याय चित्रपट उच्चारतही नाही, पण मला तो छळतो. तिला दोन मिनिटांत सांगितलं असतं, तुझे वडील कोण आहेत आणि मी कोण आहे, तर? तिने विश्वास ठेवला नसता कदाचित. ठेवला असता तर ती बापाकडे धावली असती. पंधरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर तिच्याच घराचं छप्पर पाडायचं का, तेही नाचाच्या हॉलमध्ये? मला याचं स्वच्छ उत्तर सापडलेलं नाही. पण न सांगितल्यामुळे तिची सगळी निवडच तिच्या हातून काढून घेतली गेली, हेही खरं.

टूम्सचं ऐकून आत थांबणं हा सगळ्यात सोपा मार्ग. थांबला असता तर त्याच रात्री स्टार्कच्या मालाचं विमान लुटलं गेलं असतं, शस्त्रं आणखी हातांत गेली असती. आणि पीटरला लिझबरोबर नाचताना प्रत्येक क्षणी ते माहीत असतं. तोल साधला असता, पण तो खोटा.

तो आत जातो. हॉलमध्ये लिझ उभी आहे. तो तिच्यापर्यंत चालत जातो, माफी मागतो, एवढंच म्हणतो की तुझ्या वाट्याला हे यायला नको होतं, आणि पळतो. संवाद संपला. पण बारकाईने पाहिलं तर या क्षणी एक गोष्ट आधीपेक्षा वेगळी झालीय. पार्टीतून तो न सांगता गेला होता. वॉशिंग्टनलाही. इथे पहिल्यांदा तो जाण्याआधी तिच्यासमोर येऊन उभा राहतो. कारण सांगत नाही, इंटर्नशिपचं नाव काढत नाही, खोटं बोलत नाही. गैरहजर राहणार हे तोंडावर सांगून, तिचं दुःख डोळ्यांनी बघून तो जातो. शाळेच्या बाजूने त्याने केलेली ही पहिली धीट गोष्ट आहे असं मी मानतो, भले तिला ती तशी दिसली नसेल.

पुढची मारामारी मी भराभर सांगतो. शाळेच्या आवारातल्या बसपाशी टूम्सचा माणूस दबा धरून असतो, नेड ऐन वेळी मदतीला येतो. पीटर फ्लॅशची गाडी घेतो; स्वतःचा फोन टूम्सच्या गाडीत राहिलाय, त्यावरून नेड शाळेतल्या संगणकावर बसून माग काढतो. म्हणजे शाळा इथेही सोबत आहे: शाळेतला मित्र, शाळेतला संगणक, शाळेतल्या त्रास देणाऱ्या मुलाची गाडी. मग गोदामात टूम्स छत त्याच्या अंगावर पाडतो. ढिगाऱ्याखाली तो आधी लहान मुलासारखा मदतीसाठी ओरडतो. कुणी येत नाही. समोरच्या डबक्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसतो, अर्धा त्याचा, अर्धा पाण्यात पडलेल्या मुखवट्याचा. त्या वेळी अंगावर असतो घरी शिवलेला जुनाच पोशाख.

जिथे चित्रपट कमी पडतो

प्रकरण लिहिताना आवडत्या गोष्टीचं उणं टाळू नये. या चित्रपटात गैरहजेरीची किंमत शाळेच्या बाजूने बरीच स्वस्त लावलीय. संघ त्याच्याशिवाय जिंकतो. शाळेने ठेवलेली शिक्षा हा विनोदाचा प्रसंग होतो. अभ्यास बुडाल्याचं पुढे काहीच होत नाही. खरोखर इतके दिवस गायब असणाऱ्या मुलाचं वर्ष धोक्यात येतं, शिक्षकांचा विश्वास उडतो, मित्र तुटतात. यातलं थोडं तरी दिसायला हवं होतं.

आणि लिझ. लॉरा हॅरियरने तिला समजूतदार, हुशार केलंय, पण पटकथेने तिला फारसं दिलं नाही. तिचं घर, तिचे वडील आपल्यापासून मुद्दाम लपवून ठेवलेत, कारण दाराचा धक्का टिकवायचाय. धक्का टिकतो, पण त्यासाठी तिची बाजू पुसट राहते. ती स्वतःच्या वडिलांबद्दल एक वाक्य आधी बोलली असती तरी त्या गाडीतली तिची सहजता आणखी जड झाली असती.

तरीही दिग्दर्शकाने एक धागा सुरुवातीलाच ठेवलाय. चित्रपट उघडतो तो एका लहान मुलाने काढलेल्या चित्रावर. ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या संघाचं चित्र. टूम्स ते हातात धरून बघतोय, आपल्या लेकराने काढलंय म्हणून. शेजारचा माणूस म्हणतो, पोराला भवितव्य आहे. टूम्स म्हणतो, बघू. तेव्हा हे चित्र कुणाचं हे आपल्याला कळत नाही. दाराची बेल वाजल्यावर कळतं.

नंतर

पीटर जळत्या पंखांच्या सांगाड्यातून टूम्सला बाहेर ओढतो आणि पोलिसांसाठी बांधून ठेवतो. बातमी पसरते. लिझच्या घरावर जे कोसळायचं ते कोसळतं. खटल्याच्या काळात मुलीने इथे राहू नये म्हणून तिला ऑरेगॉनला पाठवायचं ठरतं. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये पीटर तिला गाठतो. तिथेही तो माफी मागतो. ती रागावत नाही. जाता जाता एवढंच म्हणते की तुझं जे काही चाललंय, ते तुला लवकर उमगो.

तुरुंगात टूम्सला एक कैदी विचारतो, स्पायडर-मॅन कोण ते तुला ठाऊक आहे म्हणे. टूम्स म्हणतो, ठाऊक असतं तर तो आत्तापर्यंत मेला असता. पीटर गप्प, टूम्सही गप्प. नेडला माहीत आहे, शेवटच्या दृश्यात काकूलाही कळतं. ज्या मुलीने त्याचं प्रत्येक नसणं लक्षात ठेवलं होतं, ती मात्र यातलं काहीच न कळता सामान बांधून निघून जाते.